वारुळाची जागा

अळंबीची नवी जात जाहीर करायच्या कागदात एक रकाना असतो: नमुना सापडल्याचं ठिकाण. त्या एवढ्याशा रकान्यापायी दोन महिने माझा जीव गुदमरला.

धामणगाव बढ्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एक मावशी राहते. नात्यातली नव्हे, अळंबी शोधत तिकडं हिंडताना ओळख झालेली. जंगलातल्या एका वारुळावर उगवणारी अळंबी ती दर पावसाळ्यात वेचते अन् बाजारात विकते. तिकडच्या बायका आपलं वारूळ सख्ख्या सुनेलाही दाखवत नाहीत. वेचून झालं की वर पाला पसरतात, कुणाला कळू नये म्हणून. मला मात्र तिनं नेलं. आधी माझा हात स्वतःच्या गळ्याला लावून घेतला. "माह्या गळ्याची शप्पथ आहे. जागा कोनाले सांगजो नको." मी बिनधास्त हो म्हणाले. भाजीची अळंबी ती, तिचं काय एवढं!

तिथून आणलेली अळंबी सूक्ष्मदर्शकाखाली कशाशीच जुळेना. मग डीएनएचा निकाल आला. नवी जात. माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "आता नेमकं ठिकाण लिहा. त्याशिवाय कुणी मानणार नाही."

'बुलढाणा जिल्हा' एवढंच लिहून पाहिलं, तर सरांनी कागद परत केला. पीएचडीचं सहावं वर्ष, घरचे रोज विचारायचे, होणार आहे का नाही? कुणाला सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सरांचा राग यायचा, मावशीचा यायचा, सगळ्यात जास्त माझा. काऊन घेतली असेल मी ती शपथ? शेवटी एका दुपारी अक्षांश-रेखांशासकट सगळं लिहिलं अन् पाठवून दिलं.

छापून यायच्या आत मावशीकडं गेले. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. सांगून टाकलं. ती शेंगा फोडतच राहिली, तशी मीच घाईघाईनं म्हणाले, "मावशी, त्या जातीला तुमचं नाव देते. जगभर राहील."

"जागा देल्ली ना त्याइले?" तिनं सूप खाली ठेवलं. "आता नावही दे. म्हंजे घर विचारत येतीन."

तरी तिनं चहा केला. तो घोट घोट पिताना मला तिथून उठताही येईना, बसवेही ना.

नाव सरांनी जिल्ह्यावरून दिलं. मला पदवी मिळाली.

गेल्या पावसाळ्यात त्या वारुळाकडं गेले. बाहेरचं कुणी फिरकलं नव्हतं; तसा मागमूसही नव्हता. अळंबी भरपूर उगवली होती अन् जागच्या जागी काळी पडून सडली होती. वर पाला नव्हता. मावशीनं तिकडं जाणंच सोडलं होतं.