पात्यांखालचा राप

कॉफीच्या दुकानात तिला सगळे वहिनीच म्हणत. नवरा गेल्यावर दुकान तिने आणि धाकट्या दिराने मिळून सांभाळलं. ती मागे बिया भाजायची, दीर पुढे दळून द्यायचा. जुना ग्राइंडर संथ. दोन दातेरी चकत्यांमधून रव्यासारखी एकसारखी पूड पडायची, पण गिऱ्हाईक ताटकळायचं, कंटाळून निघूनही जायचं. म्हणून दिराने पात्यांचं वेगवान यंत्र आणलं. कानठळ्या बसत, पण पूड बघता बघता तयार!

"वहिनी, रांगच उरली नाही बघा!"

वहिनीने चिमूटभर हातावर घेतली. पूड चांगलीच तापलेली. निम्मं पीठ, निम्म्या कण्या. त्या पुडीची कॉफी एकाच घोटात कडूही लागे आणि पाणचटही. तिने नाक मुरडलं, पण लोक खूश होते, म्हणून यंत्र राहू दिलं.

उन्हाळ्यात पुडीला खवट वास मारू लागला. "बिया जुन्या असतील," म्हणत दिराने हात झटकले. बिया तर तिने सकाळीच भाजलेल्या! दुपारी सामसूम असताना तिने यंत्र उलटं केलं. जुन्या ग्राइंडरच्या चकत्या हाताने निघायच्या, ब्रश फिरवला की झालं. याचं बूड मात्र स्क्रूंनी गच्च बंद. ते निघालं आणि भपकारा आला. पात्यांच्या दांड्याभोवती काळा तेलकट राप, त्यात झुरळांचे पाय, पंख, आणि काहीतरी वळवळणारं. मोरीपर्यंत जाणंही जमलं नाही. ती तिथेच भडाभडा ओकली.

दीर धावत आला. "उकळत्या पाण्यात सगळं मरतं हो, वहिनी. कोणाला कळतंय?"

"तुला ठाऊक होतं?"

"एकदा उघडलेलं. साफ करायला अर्धा दिवस जातो, म्हणून परत लावून टाकलं."

"तरीच हल्ली चहावर आलास! आणि काल सख्ख्या बहिणीला हीच पूड बांधून दिलीस?"

तो ओशाळं हसला. त्या रापापेक्षा त्या हसण्याचीच तिला जास्त किळस आली.

तिने सगळी पूड फेकली, शटर ओढलं आणि दिराला दुकानातून काढलं. मग चकत्यांचाच, हाताने उघडता येणारा, पण मोठा ग्राइंडर घेतला. नणंदेला आणि गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगून टाकलं. काही जण पुन्हा फिरकले नाहीत. बाकीचे कुरकुरत रांगेत उभे राहतात.

वहिनी अजूनही रोज भाजते, दळते. कॉफीचा कप मात्र ओठांपाशी नेला की तिला मळमळतं.