बॉनेटच्या खाचा आणि एक सही

जीवन गजभियेला कुणी "छान आहे" म्हटलं, की तो विचारायचा, "कितीनं?" माणूस नागपूरचा, शिक्षण यंत्रांचं आणि नोकरी हवा मोजण्याची. हवा मोजून पोट भरतं का, असं त्याच्या मामांनी एकदा फोनवर विचारलं होतं. भरतं बापा, जर्मनीत भरतं. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, टायरच्या गोदामामागे त्याचं ऑफिस होतं. गाडीच्या इंजिनात किती हवा जाते, किती गरम जाते, हे मोजायचं आणि कागदावर सही करायची, हे त्याचं काम.

यात गंमत एवढीच, की इंजिनाला गार हवा लागते. गरम हवा विरळ, ती आत गेली की इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणून गाड्या बनवणारे बॉनेटला खाचा पाडतात, आतली ऊब बाहेर पडावी म्हणून. निम्मे लोक नुसत्या दिसायला पाडतात, ते सोडा.

त्याच्या साहेबांनी, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेनरनी, अशाच दोन लांब खाचा एका छोट्या स्पोर्ट्स कार कंपनीसाठी काढल्या होत्या. काचेच्या अगदी पायथ्याशी. ब्रेनर अडतीस वर्षं याच ऑफिसात, तीन आठवड्यांनी रिटायर होणार, आणि हे त्यांचं शेवटचं काम. गिऱ्हाईक इतकं खूश, की पहिल्या गाडीवर ब्रेनरच्या नावाची पट्टी लावून ती शोरूममध्ये ठेवणार होतं. जीवननं ऑफिसच्या चाचणीच्या हॉलमध्ये गाडी चाकं जागीच फिरवणाऱ्या रोलरवर चढवली, समोर पंखा लावला, मोजलं. खाचांमुळे इंजिनात जाणारी हवा नऊ अंशांनी गार. त्यानं रिपोर्टवर सही केली आणि शुक्रवारी वेळेवर घरी गेला.

रविवारी दुपारी अपेक्षा, म्हणजे त्याची बायको, वरणाला फोडणी देत होती. मोहरी तडतडली, धूर सरळ वर चिमणीत गेला. जीवन टेबलाशी कांदा कापत बसला होता. त्याचा हात थांबला.

"चिमणी बंद कर जरा," तो म्हणाला.

"घरभर ठसका होईल."

"होऊ दे. कर."

तिनं बंद केली. धूर वर जायचा सोडून खिडकीच्या वाऱ्यानं आडवा झाला आणि दोघांच्या डोळ्यांत गेला. आठ वर्षांची लेक शमिका खोलीतून जर्मनमध्ये ओरडली, की इथे माणसं राहतात. जीवन खोकत तसाच बसून राहिला. त्याचे डोळे धुरावरच होते.

कारण हॉलमध्येही चिमणी होती. छताला टांगलेली, गाडीएवढी. इंजिन चालू असेल तर ती चालू हवीच, असा नियम दारावर चिकटवलेला, आणि जीवन नियम पाळणारा माणूस. म्हणजे बॉनेटमधून ऊब वर ओढली होती ती त्या चिमणीनं. खाचांनी काही केलं की नाही, देव जाणे. रस्त्यावर गाडीच्या डोक्यावर कुणी चिमणी धरत नाही.

"मग सांगून टाक," अपेक्षा डोळे पुसत म्हणाली.

"माझं प्रोबेत्साइट संपायला बारा दिवस आहेत."

इथेच घोडं पेंड खात होतं. प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचे पहिले सहा महिने, पारखण्याचे. तेवढ्यात कंपनी कारण न देता, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकते. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर शमिकाची शाळा. आणि पक्कं करायचं की नाही त्या फॉर्मवर सही कुणाची? ब्रेनरचीच.

अपेक्षानं गॅस बारीक केला. "बारा दिवस गप्प बसशील तू?" तिनं विचारलं. ती काही टोमणा मारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जेवण झाल्यावर त्यानं तिच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकरीचा गुंडा मागून घेतला.

सोमवारी सकाळी साडेसातला तो ब्रेनरच्या केबिनमध्ये उभा राहिला. "हेर ब्रेनर, मला माझी सही परत घ्यायची आहे," तो म्हणाला, आणि चिमणीचं सगळं सांगून टाकलं. ब्रेनरनी ऐकलं. कॉफी संपवली. कप धुऊन जागेवर ठेवला.

"धागे आहेत?" त्यांनी विचारलं.

जीवननं खिशातून लोकर काढली.

दोघांनी मिळून बॉनेटवर बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीनं लावले, साठेक तरी, वारा कुठे वळतो ते डोळ्यांना दिसावं म्हणून. मग जीवन चालवायला आणि ब्रेनर शेजारी, असे आउटोबानला, म्हणजे हायवेला लागले. ताशी एकशेतीसला पुढचे धागे शहाण्यासारखे मागे लोळले. काचेजवळचे मात्र वळून थेट खाचांमध्ये घुसले. वारा काचेपाशी अडत होता, तुंबत होता आणि खाचांतून उलटा आत शिरत होता. मग रेडिएटरमागची गरम हवा बाहेर पडणार कुठून? ती पुढच्या कोपऱ्यातच कोंडली, आणि इंजिन हवा घेतं तो डबा नेमका तिथेच. मीटर म्हणत होता, आधी खाचा चिकटपट्टीनं झाकून मारलेल्या फेरीपेक्षा अकरा अंश जास्त.

ब्रेनर वीस किलोमीटर आकडे वहीत उतरवत राहिले. पुढे बांधकामामुळे रांग लागली, गाडी थांबली, तसे तेच धागे अलगद वर उठले. ऊब मजेत बाहेर पडू लागली.

"उभी गाडी विकायची असती, तर बरं झालं असतं," ब्रेनर म्हणाले.

बुधवारी त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतः सांगितलं, की खाचा चुकल्या आहेत, त्या रेडिएटरच्या लगेच मागे हव्यात, तिथे वरून जाणारा वारा ऊब ओढून घेतो. गिऱ्हाईक म्हणालं, तिथे त्या दिसायला वाईट दिसतील. काम दुसऱ्या ऑफिसकडे गेलं, आणि नावाची पट्टीही गेली. ऑफिसात कुणी जीवनला काही म्हणालं नाही, पण दुपारच्या जेवणाला त्याच्या शेजारची खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली. जीवनला ते लागलं.

पुढच्या शुक्रवारी ब्रेनरनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर जाड फायलींचा ढीग होता आणि वर तो फॉर्म. जीवनला पक्कं केलं होतं, सही झाली होती. जीवननं आभार मानायला तोंड उघडलं. ब्रेनरनी हात वर करून थांबवलं आणि फायली त्याच्याकडे सरकवल्या.

"एक्केचाळीस बॉनेटं," ते म्हणाले. "सगळी त्याच हॉलमध्ये मोजलेली. चिमणी पहिल्या दिवसापासून तिथे आहे."

जीवननं वरची फाईल उघडली. सही ब्रेनरची, अक्षर तरुण माणसाचं.

"कुणीतरी पुन्हा मोजायला हवीत," ब्रेनर म्हणाले. "मी जायच्या आत सुरुवात करा. मला निदान काही आकडे कळू देत."

संध्याकाळी अपेक्षानं फॉर्म दोनदा वाचला, शमिकाला वाचून दाखवला, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. "नोकरी पक्की झाली ना रे? मग तोंड असं का?"

"सोमवारपासून एकेक गाडी रस्त्यावर काढायची आहे," जीवन म्हणाला. "आणि ब्रेनर शेजारी बसणार आहेत, आपल्या जुन्या सह्या तपासायला."