चिकूखालचं खारं पाणी

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला खिडकीतून आवार दाखवत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, चिकू अर्धा टकला का झाला?" मी सांगायला लागले आणि तिकडे तुमची शाळेची बस आली. येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत ते झाड तोडायचा विषय आहे. नोटिशीत कारण दिलंय, 'आपोआप सुकले.' तुमच्या आईनं शाळेत असताना लावलेलं झाड आपोआप सुकलं, असं तुम्हाला कुणी सांगण्याआधी मीच लिहिते.

सानपाड्यात आपली इमारत आहे तिथे पूर्वी मिठागरं होती. त्यांवर मुरमाचा भराव टाकला आणि भरावावर आम्हाला. मुरमाखाली खाडीचा काळा, चिकट गाळ आहे आणि गाळाखाली काळा दगड. गाळातून पाणी सरकारी फायलीच्या वेगानं सरकतं, दगडातून तर भेग असेल तिथूनच. दोन्हींत जुनं खारं पाणी मुरून बसलंय. पावसाचं गोडं पाणी वर मुरमात साठतं, दुधावरच्या सायीसारखं. साय जपून खायची असते, एवढंच.

दोन-तीन वर्षांपूर्वी बोअर मारायचं ठरलं. कमिटीत तीन निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे अर्थातच पाणाड्याला बोलावण्यात आलं. तो तळहातावर आडवा नारळ घेऊन आवारभर फिरला. खाली पाणी असेल तिथे म्हणे नारळ उभा राहतो. राहिला तो थेट चिकूजवळ. बाकी सगळीकडे गाड्या लागलेल्या असल्यामुळे नारळाला फारसा पर्यायही नव्हता.

पाऊस नुकताच संपला होता, त्यामुळे पाणी लागलं ते गोडं. चेअरमननी ते तीर्थासारखं वाटलं. हे वरचं पावसाचं पाणी आहे, असं मी सांगायला गेले, तर मी शाळेत भूगोल शिकवायचे हे त्यांना आठवलं.

"मॅडम, तुमचा भूगोल राहू द्या शाळेत. नारळ खोटं बोलत नाही."

मी तीर्थ घेतलं. गोड होतं, नाही कशाला म्हणा?

मग पंप सुरू झाला. गाड्या धुतल्या, जिने धुतले. एका उत्साही गृहस्थांनी समोरचा रस्ताही रोज धुवायला घेतला. होळीपर्यंत साय संपली. पाणी आधी मचूळ झालं, मग सरळ खारट.

"थोडे मिनरल वाढलेत," चेअरमन म्हणाले. "लोक विकत घेतात मिनरल!"

माणसांना नळाचं पाणी होतंच, म्हणून मिनरल झाडांच्या वाट्याला आले. चिकूच्या पानांच्या कडा करपल्या. तिन्ही इंजिनिअर झाडाखाली उभे राहिले, वर बघितलं आणि निदान केलं: पाणी कमी पडतंय. माळ्याला त्याच पाण्याची दुप्पट पाळी द्यायला सांगितली.

मी सभेत उभी राहिले. म्हटलं, "पंप बंद ठेवा. पावसाळ्यात वरचं गोडं पाणी पुन्हा भरेल, मग बेतानं उपसा."

"त्यापेक्षा अजून खोल जाऊ या ना," चेअरमन म्हणाले. "खाली एकदम फ्रेश लागेल. दगडात कसलं आलंय मीठ?"

"खारा बांगडा भिजत घातलाय कधी? पाणी ओतून द्या, नवं घाला, थोड्या वेळानं तेही खारट. मीठ आतून सावकाश येतच राहतं. खालचा गाळ तसा आहे, आणि दगडाच्या भेगा त्याच पाण्यानं भरल्यात."

खजिनदार कळवळले. "मॅडम, प्लीज! व्हेज उदाहरण द्या ना."

"बरं, लिंबाचं लोणचं. फोड धुतली की तिचं परत लिंबू होतं का?"

"पण लोणचं टिकतं, मॅडम!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा पोट धरून हसली आणि त्या हशातच खोल जायचा ठराव मंजूर झाला.

खोल गेले. दगडातली भेग लागली आणि तिच्यातून आलं ते चाखून चेअरमननी तोंड वाकडं केलं. त्या दिवशी मिनरलचं नाव निघालं नाही. पंप काढला, भोकावर झाकण बसवलं आणि त्यावर एक तुळशीची कुंडी ठेवली. तुळस नळाच्या पाण्यावर आहे.

पुढच्या पावसात वरचं मीठ बरंचसं वाहून गेलं. गाळातलं मात्र हळूहळू वर येतंय आणि येत राहील, तुम्ही आजी-आजोबा होईपर्यंत. शेजारच्या वहिनी आणि मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खाली नेऊन बुंध्याशी ओततो. कमिटीच्या मते आम्हा दोघींना व्यायाम हवाच होता.

"मेलंय ते, मॅडम," चेअरमन काल लिफ्टपाशी म्हणाले. "एक पार्किंग निघेल तिथे."

"मेलेल्याला मोहर येत नाही," वहिनींनी सुनावलं. "चष्मा लावून या खाली."

ते आले नाहीत. रविवारी मी काय बोलेन ते मला ठाऊक आहे, सभा काय करेल ते नाही. आज इतकंच खरं आहे: इमारतीकडच्या फांद्या वाळल्यात, कुंपणाकडची एक जिवंत आहे आणि तिला फुलं आली आहेत.