पुनवेच्या भरतीचे आकडे

आमच्या ऑफिसात प्रत्येक आकड्याला बाप लागतो. हे वाक्य मॅडमचं. मॅडम म्हणजे आमच्या सीनियर, अंधेरीच्या ऑफिसात गेली पंधरा वर्षं मला झापत आलेल्या. आम्ही नकाशे करतो, जमीन आणि समुद्राचा तळ एकाच चित्रात जोडलेले. नकाशा म्हणजे खरं तर बारीक बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. इथली जमीन इतकी उंच, इथला तळ इतका खोल. ते काम बाकीचे करतात. माझ्याकडे असतो त्याच्या जोडीचा दुसरा नकाशा. चौकोन तेच, पण त्यात उंची-खोली नाही, तो आकडा आला कुठून एवढंच. विमानातून मोजला, बोटीवरून मोजला, की कोणीच मोजला नाही आणि कॉम्प्युटरने आजूबाजूचं बघून ठोकून दिला. बोटीवरून हाताने मोजलेलं हिरवं, अंदाजाचं राखाडी. पहिला नकाशा सगळे बघतात, दुसरा कोणी उघडून बघत नाही. पण पहिल्यावर किती विश्वास ठेवायचा, ते दुसऱ्यावरूनच कळतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे खाडीचं काम आलं. विक्रोळीपासून खाली मानखुर्दपर्यंतचा किनारा. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आला तर पाणी वस्तीत किती आत शिरेल, ते या नकाशावरून काढायचं होतं. जमीन विमानातून मोजलेली होती, खाडीचा खोल भाग नव्या बोटींनी. मधला चिखल आणि तिवरं मात्र कोणाच्याच नशिबात नव्हती. नव्या मोठ्या बोटी तिथे शिरत नाहीत, आणि विमान उडालं ते भरतीच्या वेळी, गढूळ पाण्यातून त्याला तळ दिसला नाही. त्यात जमीनवाल्यांचं शून्य वेगळं, समुद्रवाल्यांचं शून्य वेगळं. एक सरासरी समुद्रपातळीपासून मोजतो, दुसरा मोठ्या ओहोटीच्या पाण्यापासून. ही दोन शून्यं जुळवता जुळवता माणसाचे केस पिकतात. माझे पिकले.

त्या चिखलासाठी आमच्याकडे फक्त जुने तक्ते होते, दोरीला शिशाचं वजन बांधून हाताने मोजलेले. एका दुपारी मी ते स्कॅन उघडले, कोपऱ्यात लाँचचा नंबर वाचला आणि खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. तो नंबर माझ्या लहानपणी आमच्या घरात रोज ऐकू यायचा. त्या लाँचवर दोरी टाकणारा खलाशी माझा बाप होता.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा गावच्या एकाने त्यांना कंत्राटदाराच्या सर्व्हे लाँचवर चिकटवलं. खाडीकाठच्या गावातला माणूस, पाण्याची भीती नाही, एवढ्यावर नोकरी मिळाली. लाँचच्या टोकाला उभं राहून दोरी टाकायची, दोरीवर खुणेसाठी बांधलेल्या चिंध्या बघून खोली ओरडून सांगायची. मागे साहेब वहीत लिहून घ्यायचा. लिहिणाऱ्याचं नाव तक्त्यावर यायचं. ओरडणाऱ्याचं कशाला येईल? पण बाबांना त्याचं काही नव्हतं. घरात काहीही मोजायचं झालं की दोन्ही हात पसरून वाव घालायचे, पडदा असो नाहीतर वायर, आणि वर म्हणायचे, "टेप आणा आणि बघा." आम्ही टेप आणायचो. बोटभरही फरक निघायचा नाही. फुशारकी मारण्यासारखी एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे होती.

तर त्या शनिवारी मी लॅपटॉप घेऊन घरी गेलो. बाबा तेव्हा पलंगाला खिळलेले होते. लिव्हर गेलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले, घरी ठेवा म्हणाले होते. मी उशा लावून त्यांना बसवलं आणि दुसरा नकाशा उघडला. खाडीच्या कडेने हिरव्या ओळीच ओळी. "हे सगळं तुमचं," मी म्हटलं, "तुमच्या हाताचं. आता हे कायमचं राहणार."

मला वाटलं होतं म्हातारा खूश होईल. पण त्यांनी चष्मा मागितला आणि कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "पाणी लोकांच्या घरात खयपर्यंत येतला, ता ह्याच्यावरून ठरवतले?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला रागच आला. एवढ्या हौसेने दाखवायला आणलं आणि ह्यांचं तोंड एवढंसं.

दुसऱ्या दिवशी आई नळावर गेलेली बघून त्यांनी मला जवळ बोलावलं. मानखुर्दच्या बाजूची एक लांब ओळ शोधायला लावली, तारीख वाचायला सांगितली. मी वाचली. तिथी त्यांनीच सांगितली. पुनव होती.

"ही पट्टी खोटी आसा," ते म्हणाले. "त्या दिवशी दोरी हातात होती. टाकलंय काय नाय, ता माका आठवणा नाय. सायब लिवत होतो, मी तोंडाक येयत तो आकडो सांगत होतंय. चेडू डोळ्यासमोर होता."

चेडू म्हणजे माझी बहीण. सात महिन्यांची होती. मी सहा वर्षांचा होतो, मला तिचा रडण्याचा आवाज तेवढा आठवतो. दोन दिवस ताप आला आणि गेली. दात न आलेल्या बाळाला पुरतात. त्याचं सुतक लांबत नाही, श्राद्ध नाही, पान वाढणं नाही. गावच्या जाणत्यांनी सांगितलं, तीन दिवस पाळा आणि कामाला लागा. चौथ्या दिवशी पुनव होती. त्या चिखलावर लाँच न्यायची तर पुनवेचं नाहीतर अवसेचं उधाणच लागतं, एरवी तळ घासतो. बाबा गेले नसते तर पंधरा दिवस काम अडलं असतं आणि कंत्राटदाराने दुसरा माणूस घेतला असता. ते गेले.

आणि आईने ते त्यांना कधीच माफ केलं नाही. भांडण भाजीवरून होऊ दे, भाड्यावरून होऊ दे, शेवटी गाडी तिथेच यायची. "तुमका काय, तुमी चवथ्या दिवशी कामार गेलास." बाबा उठायचे. बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. बहिणीचा फोटो नाही घरात, तिचं नाव कोणी काढत नाही, पण तो चौथा दिवस आमच्या घरात माझ्या लग्नापर्यंत आणि त्यानंतरही होता. मीही मनातल्या मनात आईच्याच बाजूचा होतो. खोटं कशाला बोलू?

तर हे सगळं ऐकून मी काय म्हणायला हवं होतं? निदान त्यांचा हात धरायला हवा होता. मी म्हटलं, "बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांत कोणाला कळलं नाही, आता कोण बघणार आहे? एका दिवसाची ओळ ती."

"लोकांच्या घरात पाणी जायत," ते म्हणाले. "पुसून टाक."

आता हे पुसून टाकणं म्हणजे बटण दाबण्यासारखं नसतं. ती ओळ काढली की कडेचे सगळे चौकोन नव्याने बसवायचे, जमिनीशी पुन्हा सांधायचे, तपासायचे. दोन दिवसांचं काम. आणि शुक्रवारी नकाशा पाठवायचा होता. त्यात मला मॅडमना सांगावं लागलं असतं की ज्या ओळीला मी स्वतः हिरवा रंग दिला, ती खोटी आहे आणि हे मला माझ्या बापाने सांगितलं. आधीच मॅडम सोडून बाकी ऑफिसभर माझं मिरवून झालं होतं, हे माझ्या वडिलांचं काम म्हणून. पेढे तेवढे वाटायचे राहिले होते. मी म्हटलं बघू. आधी नकाशा जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येईल.

सोमवारी त्यांनी विचारलं, "काढलंस?" मी म्हटलं, उद्या. मंगळवारी पुन्हा विचारलं. मी डबा भरत होतो, उशीर झाला होता, डोकं फिरलं. "बाबा, मला माझं काम करू द्या ना! तुम्ही आराम करा." बुधवारी ऑफिसातून आलो तर आवाज अगदी खोल गेलेला. मी वाकलो तेव्हा ऐकू आलं. "काढलंस काय रे?"

"काढलं," मी म्हटलं.

"काय लिवलंस?"

"अंदाज लिहिलं. मोजलेलं नाही, अंदाज."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. चेहरा सैल पडला. आई म्हणाली, आज कितीतरी दिवसांनी ह्यांना गाढ झोप लागली बघ.

शुक्रवारी नकाशा गेला. ओळ हिरवीच होती. शनिवारी सकाळी बाबा गेले.

तेरावं झालं आणि मी कामावर रुजू झालो. पहिल्याच दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, एक ओळ चुकीची गेली आहे. मॅडमनी जे ऐकवायचं ते ऐकवलं. "पाठवायच्या आधी कळलं होतं?" हो म्हटलं. "मग तोंड शिवलं होतं का तुझं?" मग त्यांनी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. आमच्याकडे आकडा बदलायचा तर बदलाचं कारणही लागतं, आणि त्या कारणाला आधार लागतो.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"दोरी टाकणाऱ्याच्या."

"अजून आहे तो? मस्त. फोन लाव त्याला, दोन ओळी लिहून घेऊ."

"ते गेले, मॅडम. ज्यांच्यासाठी मी रजेवर होतो, तेच."

मॅडमचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. मग कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं: मोजणाऱ्याने मोजमाप झाले नसल्याचे सांगितले. खाली आधार म्हणून माझं नाव घातलं. मी दोन दिवस बसून ती ओळ काढली. कडा नव्याने सांधल्या. मानखुर्दच्या बाजूला दोन गल्ल्यांत पाणी आधीच्या नकाशापेक्षा जास्त आत शिरताना दिसायला लागलं. म्हणजे म्हातारा बरोबर होता. सुधारलेला नकाशा पुन्हा गेला, दिलगिरीच्या पत्रासकट, आणि ते पत्र माझ्या सहीचं होतं.

आईला सांगायचं की नाही, हे मी महिनाभर मनात घोळवत बसलो. सांगून उपयोग काय, आता माणूसच नाही. पण एके दिवशी ती शेजारणीशी बोलताना मी ऐकलं. बाबांचं कौतुक चाललं होतं, व्यसन नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटी आई म्हणाली, "पण काळीज नाय होता गो. चेडवासाठी एक टिपूस गाळूक नाय तेनी." मला ते सहन झालं नाही. शेजारीण गेल्यावर मी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

हिरव्या ओळींमध्ये ती एकच राखाडी. मी सगळं सांगितलं. दोरी हातात होती, टाकली की नाही आठवत नव्हतं, चेडू डोळ्यासमोर होता. त्यांनी वापरलेल्या शब्दांतच सांगितलं. आई ऐकत होती आणि मधे मधे पदराने स्क्रीन पुसत होती, स्क्रीन स्वच्छ असूनही.

"ह्या केवढा?" तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"दिवसभराचं काम, आई. भरती चढल्यापासून उतरेपर्यंत."

"सगळो दिवस?"

"सगळा."

ती बोट न उचलता बसून राहिली. मग रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. "माका सांगूक होया होता," ती म्हणाली. "एकदा तरी सांगूक होया होता. मी तेंका जन्मभर बोललंय रे. जन्मभर." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात असं कोणी करत नाही, त्यामुळे तो कसा ठेवायचा तेही मला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"पण तू ता बदललंस, ता तेंका कळला मां? जाण्याआधी?"

"हो," मी म्हटलं. "कळलं होतं."