चकतीतली खाच

कुणाच्याही घरी गेले की फिटरबाबा आधी खिशातून उदबत्ती काढायचे. चहापाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. उदबत्ती पेटवून देव्हाऱ्याकडे न जाता ते थेट चुलीसमोर उकिडवे बसत आणि ती चुलीच्या तोंडाशी धरत. धूर आत ओढला गेला तर समाधानाने मान हलवत. घरात परतला तर म्हणत, “वाट न्हाई त्याला. वाट द्या.” मग पुढचा तासभर त्या घरातल्या बाईला स्वयंपाकाला चूल मिळायची नाही.

एका घरातली नवी सून बिचारी चुलीची पूजा आहे असं समजून हळदकुंकवाचं ताट घेऊन मागे उभी राहिली होती. त्यांनी तिला ताटासकट खाली बसवलं आणि धुराची दिशा दाखवली.

मी त्यांच्या गावच्या उपकेंद्रात नर्स. अकोले तालुक्यातला डोंगराचा भाग, जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि वीज कधी जाईल ते तिलाही माहीत नसतं. फिटरबाबा धरणाच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे यायचे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. दुसऱ्याच्या घरातली गळकी तोटी त्यांना स्वतःचीच वाटते. सुरुवातीला मला ते डोक्याला ताप वाटायचे, खोटं कशाला सांगू.

त्यांच्या घरी मात्र वेगळीच तऱ्हा. हे कौलं काढून, भिंत पोखरून धुराला आणि वाऱ्याला वाटा करायचे, आणि त्यांची बायको आल्यागेल्याच्या मागे दार लावून घ्यायची. भर वैशाखात, दुपारीसुद्धा. मी एकदा थट्टेने म्हटलं, “आजी, चोर येतात का हो एवढे?” त्यांनी कडी नीट बसली का तेवढं पाहिलं.

हिवाळ्यात इकडे बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवतात. शेक हवाच. शिवाय बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत गोधड्या कोंबतात. उपकेंद्राच्या खोलीतही तेच. मी खिडकी उघडायची, माझी पाठ वळली की सासूने लावायची. एका सकाळी दार ढकललं तर खोली कोळशाच्या वायूने कोंदलेली, बाळंतीण डोकं धरून ओकत होती आणि बाळ मलूल पडलेलं. दोघांना उचलून अंगणात आणलं. बऱ्याच वेळाने बाळ रडलं. इतकं गोड रडणं मी उभ्या नोकरीत ऐकलेलं नाही. दोघांना जीपने तालुक्याला पाठवलं, चार दिवसांनी धडधाकट परत आली. त्या सासूला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फिटरबाबा तेव्हा गोळ्यांसाठी पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि गोळ्या न घेताच निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर.

“बाई, मागल्या पडवीत ती बिडाची शेगडी पडलीय, ती मला द्या. बाळंतिणीच्या खोलीत बसवितो.”

धरण बांधलं तेव्हाच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातली ती शेगडी. ओतीव, कमरेएवढी उंच, लाकडं घालायला दार आणि वर पाइपाला तोंड. कुणी, कधी आणून टाकली कुणास ठाऊक. आम्ही तिच्यावर फडकी वाळत घालत होतो. बाबांनी दार उघडलं तर आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने त्यांच्या बोटाला कडकडून चोच मारली.

“हिचं बाळंतपन हुं द्या आदी,” ते म्हणाले आणि दार अलगद लोटून गेले. पिल्लं बाहेर पडायला नऊ दिवस लागले. रोज येऊन डोकावून जायचे. माझ्या पेशंटची कुणी इतकी चौकशी केलेली मला आठवत नाही.

मग काम सुरू झालं. तारेच्या ब्रशने आणि वाळूने घासून गंज काढला. कुशीला तडा होता, तो चिकणमाती, राख आणि मीठ कालवून बुजवला. पाय चारातले तीनच उरले होते, चौथ्या जागी वीट आली. दार नीट बसतं का हे पाहायला कागदाची पट्टी दारात धरून ते दार लावायचं आणि पट्टी ओढून पाहायची. पट्टी सहज निघाली म्हणजे तिथून चोरटा वारा शिरतो. माझे लसीकरणाचे जुने तक्ते त्या पट्ट्यांत संपले.

शेगडीला खाली एक सरकती झडप होती आणि वर पाइपात दांडीने फिरणारी एक गोल चकती. बाबांनी मला शाळेतल्या पोरीसारखं समोर बसवून शिकवलं.

“खालनं वारा घेनार, वरनं धूर सोडनार. मानसासारखंच हाय. खालची झडप लावली तर इस्तू निजतो. वरची चकती लावली तर घर निजतं.”

पहिल्या दिवशी पेटवली तेव्हा डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याने सगळा धूर पाइपातून परत आमच्या तोंडावर आणला. आम्ही दोघं खोकत बाहेर पळालो. बाबा डोळे पुसत म्हणाले, “पाइप बुटका झाला.” दोन दिवसांत त्यांनी तो आढ्याच्या वर दोन हात नेला. मग अशी काही ओढ लागली की उदबत्तीचा धूर झडपेपाशी धरला की वाकून आत जायचा. बाजेखालच्या शेगडीची गरज उरली नाही. खोली ऊबदार, हवा स्वच्छ. मला वाटलं, जिंकलं.

कसलं काय! त्या पौषात पहिलीच बाळंतीण आली, आणि तिच्या सासूला झडपेतून आत जाणारा वारा जाणवला. मी गोळ्या मोजत होते तेवढ्यात तिने झडप लावली, चकती फिरवली आणि खिडकीत गोधडी कोंबली. नेमके फिटरबाबा आले. उदबत्ती पेटवली, धरली. धूर खोलीत पसरला. त्यांनी चकती उघडली, गोधडी ओढून काढली. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन मागोमाग गेले.

“आमचं पयलं पोर असंच गेलं, बाई,” ते म्हणाले. “पोरगी. चार दिसांची हुती. आई म्हनली, वारं लागंल. म्याच बाजंखाली शेगडी ठिवली, फटींत गोधड्या कोंबल्या, दार वढून कामावर गेलो. वर्कशॉपातल्या भट्टीला वारा किती लागतो ते मीच बघायचो. घरी ते डोस्क्यात आलं न्हाई.”

“आणि आजी?”

“तिला गुदमरलं. सरपटत जाऊन तिनं दार उघडलं. तवर पोर गेलं हुतं. समदी म्हनली, हिनं दार उघडलं, वारं शिरलं, पोर नेलं. मलाबी तसंच वाटलं. पुढं भट्टीवरचा एक गडी असाच कोंदून पडला, तवा उमगलं.”

“मग सांगितलंत ना आजींना?”

त्यांनी उदबत्तीची काडी पायरीवर विझवली. “सांगू सांगू म्हनतो. लई वर्सं झाली.”

मला त्यांचा राग आला. गावभर धुराला वाट करत फिरणारा हा माणूस घरातल्या बाईला एवढी एक गोष्ट सांगू शकत नव्हता. मी म्हटलं, “आज घरी जाऊन सांगा.” त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आले ते कानस आणि करवतीचं पातं घेऊन. पाइपातली चकती उतरवून तिच्या कडेला अंगठा मावेल एवढी खाच पाडली. पुन्हा बसवली, पुरती लावून पाहिली, उदबत्ती धरली. धूर आत गेला.

“आता कुनीबी पुरती लावू द्या. येवडं उघडं ऱ्हाईल.”

“आजींना सांगितलंत?”

“आदी हे हुं द्या म्हनलं.”

पुढे दर महिन्याला गोळ्या देताना मी विचारायची आणि ते “सांगतो” म्हणायचे. दीड वर्ष असंच गेलं. श्रावणात फिटरबाबा झोपेत गेले.

तेरावं झाल्यावर आजी उपकेंद्रात आल्या. आत शिरताच मागे दार लावलं. पदराखालून उदबत्तीचा अर्धा पुडा काढून टेबलावर ठेवला.

“मागं येकदा म्हनले हुते, मी गेल्यावर ह्ये बाईंना दे. आन् म्हनले, शेगडी बघून ये, बाई समदं सांगतील.”

मेल्या माणसावर रागावू नये, पण मी रागावले. डोळ्यांत पाणी आलं आणि तरी रागावले. मग आजींना शेगडीजवळ बसवलं आणि बाबांनी सांगायचं होतं ते मी सांगितलं. कोळशाचं, गोधड्यांचं, भट्टीवरच्या गड्याचं. आजी पाइपातल्या चकतीच्या दांडीकडे पाहत ऐकत होत्या. मी चकती उतरवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी खाचेत अंगठा घालून पाहिला.

“येवडंच लागत हुतं?”

“एवढंच.”

“आन् दार?”

“दार उघडलंत म्हणून तुम्ही वाचलात, आजी. पोर आधीच गेली होती.”

त्यांचा अंगठा बराच वेळ खाचेत राहिला. मग त्यांनी चकती पदराने पुसली, मला परत दिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चहा नको म्हणाल्या. कडी काढून पायऱ्या उतरल्या आणि मागे वळून न पाहता रस्त्याला लागल्या. दार तसंच उघडं होतं.