पायाचं बोट हाताला

उत्तमरावांना सगळं कळतं, असं जवळा बाजार गावात सगळेच म्हणतात. चंदाबाईच्या मते, सगळे असं म्हणतात एवढंच त्यांना कळतं.

उत्तमरावांची जमीन होती, जीप होती आणि मळणीयंत्र होतं. तांड्यावरचं सोयाबीन दरसाल त्यांच्याच यंत्रातून निघायचं आणि चंदाबाईचा नवरा धर्मसिंग यंत्राच्या तोंडाशी उभा राहून काड आत सारायचा. यंत्राच्या तोंडाला आधी, हात आत जाऊ नये म्हणून, पत्रा होता. पत्र्यामुळं माल हळू जातो म्हणून उत्तमरावांनीच तो काढून ठेवला होता. त्याच साली काडाबरोबर धर्मसिंगाचा उजवा हात ओढला गेला. हात निघाला, पण अंगठा मुळापासून आतच राहिला.

चंदाबाईनं लुगडं फाडून हात आवळून बांधला. भुसकटातून अंगठा शोधला तोही तिनंच. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "सरळ मेडिकल कॉलेजात घेऊ. तिथं जोडतेत म्हणं."

"तू गाडी हाक," उत्तमराव म्हणाले. "सर्जन माझ्या वळखीचा हाय. एक फोन केला की दार उघडून उभा राहतो."

वाटेत त्यांनी एका टपरीवर जीप थांबवली, थंड्याच्या पेटीतला बर्फ मागून घेतला आणि अंगठा तसाच, उघडा, त्या बर्फात टाकला. चंदाबाई बघत राहिली. शिकलेला माणूस करतोय म्हणजे बराबरच असेल, असं तिला तेव्हा वाटलं. पुढं आयुष्यभर तिला स्वतःचा राग आला तो एवढ्याच गोष्टीचा.

वळखीचा सर्जन दार उघडून उभा नव्हता. तो कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. दवाखान्याच्या बाकावर धर्मसिंग भिंतीला टेकून पांढरा पडत चालला आणि उत्तमराव बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की आपण होतो म्हणून बरं, नाहीतर या लोकांचं कोण बघतं. दिवस कलला तेव्हा डॉक्टर आला. बिचारा सरळ माणूस होता. हात पाहून तो उत्तमरावांनाच म्हणाला, "अहो, मी मूळव्याधीची, हर्नियाची ऑपरेशनं करतो. तुमचं केलं होतं ना? हाताचं काम करणारे वेगळे असतात, मेडिकल कॉलेजात. आधी तिकडं न्यायचं." मग त्यानं अंगठा बघितला. तो बर्फाच्या पाण्यात फुगून पांढराफटक झाला होता. "हा आता जोडता येणार नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवायची असते."

त्यानं जखम तेवढी शिवून दिली. परतताना उत्तमराव म्हणाले, "सर्जन म्हणजे सर्जन. हा काम टाळून राहिला."

जखम भरली, पण धर्मसिंगाच्या हातात काही टिकेना. विळा सुटायचा, तांब्या निसटायचा. भाकरी तो डाव्या हातानं खाऊ लागला आणि चार माणसांत जेवायला जाणं त्यानं सोडलं. उन्हाळ्यात चंदाबाईनं त्याला उठवलं आणि एसटीनं मेडिकल कॉलेज गाठलं. उत्तमरावांना विचारलं नाही.

तिथं भिंतीभर पाट्या होत्या. चिठ्ठी फाडणाऱ्यानं त्यांना हाडांच्या विभागात धाडलं. हाडांच्या डॉक्टरनं हात उलटसुलट केला आणि म्हणाला, "हाडाची तक्रार नाही. हाताला पकड हवी असेल तर वरच्या मजल्यावर, प्लास्टिक सर्जरी."

"प्लास्टिकचा अंगठा काय कामाचा?" धर्मसिंग जिन्यातच थांबला. त्यानं गुपचूप उत्तमरावांना फोन लावला. तिकडून हसणं ऐकू आलं. "अरे धर्मा, ते सिनेमातल्या बायांची नाकं सरळ करतेत. परत ये."

चंदाबाईनं फोन घेतला आणि बंद केला. "तुला नाक सरळ करायचं न्हाई ना? मग चल वर."

वर साधना मॅडम होत्या. हात बघायच्या आधी त्यांनी धर्मसिंगाचा पाय मागितला. अंगठ्याशेजारचं बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काढून हाताला अंगठा म्हणून लावते. चालायला अडचण येणार नाही. रक्ताच्या नळ्या काडीसारख्या असतात, दुर्बिणीतून शिवायच्या. आमचं काम तेच. पोटाचे डॉक्टर वेगळे, मेंदूचे वेगळे, लघवीच्या मार्गाचे वेगळे, लहान लेकरांचे तर त्याहून वेगळे."

"तुमाला पोटाचं जमत न्हाई?" चंदाबाईनं विचारलं.

"शिकले होते. पण तिकडं माझ्यापेक्षा चांगले हात आहेत, मग मी कशाला लावू?"

चंदाबाईला ते फार आवडलं. एवढी शिकलेली बाई, आणि आपल्याला काय करू नये हे तिला ठाऊक. गावाकडं एकच माणूस हाड, पोट, मेंदू, पीक आणि पाऊस सगळं सांभाळत होता, तेही त्यातलं काहीच न शिकता.

ऑपरेशन दिवसभर चाललं. नंतर सिस्टर सारखी येऊन नव्या बोटाचा रंग बघायची, हात लावून ऊब बघायची. मॅडमनी एक गोष्ट बजावली होती : बिडी नाही, बिडीचा धूरसुद्धा नाही. धुरानं नळ्या आकसतात आणि बोट काळं पडतं.

धर्मसिंग व्हरांड्यात फिरू लागला तेव्हा उत्तमराव बघायला आले. पुतण्याला सोबत आणलं होतं, फोटो काढायला. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी धर्मसिंगाच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढून घेतला. मग त्याला व्हरांड्यात नेलं, बिडी पेटवली आणि दुसरी पुढं केली. "घे. एका बिडीनं काय होतं?"

चंदाबाईनं त्यांच्या तोंडातली बिडी काढली, चपलेखाली चिरडली आणि बंडल खिडकीबाहेर टाकलं. सारा व्हरांडा बघत होता.

"उत्तमराव, पहिला अंगठा तुमी बर्फात मारला. हा तरी ठेवा. तुमची वळख मूळव्याधीपुरती हाय, तिथंच ठेवा ती."

उत्तमराव पुतण्याला घेऊन जिना उतरले. गावात मात्र सांगितलं, की धर्माला मेडिकल कॉलेजात आपणच नेलं.

बोट जगलं. दिसायला आखूड आणि जाड, पण वर्षभरात विळा धरू लागलं. लोकांना मात्र विळा दिसत नव्हता, पाय दिसत होता. शेजारची भिकाबाई त्याच्या हातचं पाणी घेईनाशी झाली. पायानं दिलेलं पाणी कसं प्यायचं, म्हणे. चंदाबाईनं तिला पाणी विचारणंच सोडलं.

चंदाबाईच्या लेकाच्या, विकासच्या, साखरपुड्यात धर्मसिंग नवरीकडच्या पाहुण्यांना टिळा लावायला उठला. सवयीनं त्यानं नवा अंगठा कुंकवात बुडवला. नवरीचे मामा, रामप्रसाद, मान मागं घेऊन म्हणाले, "डाव्या हातानं लावा. पायाचं बोट कपाळाला काहून?"

धर्मसिंगाचा हात तसाच अधांतरी राहिला. चंदाबाई म्हणाली, "जेवणातलं धान्य कुठल्या हातानं पिकवलेलं हाय, ते विचारलं न्हाई तुमी."

"रीत असते, बाई."

"व्हय. मग तुमी बिनटिळ्याचे बसा." ती धर्मसिंगाकडं वळली. "पुढच्याला लाव."

धर्मसिंग पुढं सरकला. नवरीच्या बापानं कपाळ पुढं केलं, त्याच्यामागं बाकीच्यांनी. रामप्रसाद तसेच कोरड्या कपाळानं पंगतीला बसले आणि पोटभर जेवले. वाढताना चंदाबाईनं त्यांच्या ताटात भाजी जरा जास्तच घातली. धर्मसिंग पलीकडच्या पंगतीत चार माणसांत बसला होता. तो उजव्या हातानं भाकरी मोडत होता आणि शेजारच्याशी बियाण्याचं बोलत होता.