विहाराची फरशी आणि आम्ही सहाजणी

आमच्या गावातल्या विहाराचं बांधकाम तीन वर्षं चाललं होतं. भिंती झाल्या, घुमट झाला, रंगही झाला, आणि यातली प्रत्येक गोष्ट पुरुषांनी ठरवली. फरशीची पाळी आली तेव्हा समितीचे सचिव सभेत म्हणाले, "भंडाऱ्याचा एक ठेकेदार हाय. चकाचक टाइल्स टाकून देते."

मागच्या रांगेतून माझी मावससासू उठली. सत्तरीची बाई. जन्मभर लोकांच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी करून तिचे गुडघे गेलेले. उठायलाच तिला वेळ लागला.

"फरशीवर बसनार आमी, पुसनार आमी," ती म्हणाली. "मंग ते कोनाच्या हातून बसवाची, हेबी आमीच पाहू."

सभा हसली. सचिवही हसले, पण म्हणाले, "पाहा बाप्पा. पंधरा दिवस देतो."

मी शाळेत शिकवते, म्हणून लिहिण्याबोलण्याचं काम माझ्याकडे आलं. एकूण सहाजणी झालो. घरी येताना माझी पावलं जमिनीवर ठरत नव्हती. माझ्या स्वतःच्या घरातल्या टाइल्ससुद्धा नवरा आणि दीर जाऊन घेऊन आले होते. मी त्या पहिल्यांदा पाहिल्या त्या बसवल्यावर.

आम्ही तीन ठेकेदारांना बोलावलं. भंडाऱ्याचे ठेकेदार कारनं आले, मोबाईलवर फोटो दाखवत. दुसरे अड्याळचे. तिसरा एकोडीचा, मोटरसायकलवर, पिशवीत दगडाचे तुकडे घेऊन. भाव, मुदत, सामान, सगळं मी वहीत लिहून घेतलं. शेवटी मावससासूनं तिघांनाही एकच विचारलं.

"भाऊ, तुमचं बिघडलेलं काम कोनतं?"

"आपलं काम बिघडतच नाही माय," भंडाऱ्याचे म्हणाले.

"मजुरायचं बिघडते, आपलं नाही," अड्याळचे म्हणाले.

एकोडीचा मिस्त्री म्हणाला, "एक हाय. पाहाचं असंल तर दाखवतो. पन त्या घरची बाई मले शिव्या देईन, तेवढ्या आयकून घ्या."

आम्ही इतक्या हसलो की बाहेरची माणसं डोकावून गेली. मजुरांवर ढकलणाऱ्या अड्याळच्यांचं नाव तिथंच गळलं. उरलेल्या दोघांची कामं जागेवर जाऊन पाहायची ठरलं.

रविवारी एक मॅजिक गाडी ठरवून निघालो. पोळ्या, मिरचीचा ठेचा, पाण्याच्या बाटल्या, जणू सहलच. आमच्यातली सगळ्यात लहान, दोन उन्हाळे एका गवंड्याच्या हाताखाली रेतीच्या टोपल्या वाहिलेली, ड्रायव्हरशेजारी बसून पूर्ण रस्ताभर गात होती.

भंडाऱ्याच्या ठेकेदारानं केलेलं काम म्हणजे हायवेवरचं मंगल कार्यालय. आत पाय टाकला आणि आमचे चेहरे खाली दिसायला लागले. खरं सांगते, मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. विहारात अशी फरशी, म्हणजे बाहेरगावचे लोक पाहतच राहतील!

मावससासूनं चपला काढल्या, माझ्या हातातली बाटली घेतली, पाणी ओतलं आणि त्यावर पाऊल टाकलं. पाऊल सरकन पुढे गेलं. दोघींनी धरली म्हणून पडली नाही. ती तिथंच हळूच खाली बसली आणि खदखदून हसायला लागली.

"आता वंदनेले उभी राहू का घसरगुंडी खेळू?"

तोवर धाकटी रुपयाच्या नाण्यानं टाइल्स ठोकत चालली होती. टणटण आवाज येता येता एका जागी थपथप आला. "मॅडम, इथं खाली सिमेंटचा माल नाही भरला," ती म्हणाली. "पोकळ हाय." तिनं तशा आणखी चार शोधून दाखवल्या. आम्ही सगळ्याच मग नाणी घेऊन ओणव्या झालो.

एकोडीला मिस्त्री वाट पाहत उभा होता. त्यानं नेलं त्या घरची बाई त्याला पाहताच दारातूनच सुरू झाली. "आला का रे? आता कोनाचं घर खोदाले आनलं यायले?"

त्यानं बसवलेली स्वयंपाकघरातली फरशी पहिल्याच पावसाळ्यात खचली होती.

"अन मंग?" मी विचारलं.

"मंग काय! सारी उखडली अन पुन्हा बसवून देली यानं. पैसा नाही घेतला. पन माझी चूल पंधरा दिवस आंगनात होती, त्याचं काय?"

मिस्त्री खाली पाहत म्हणाला, "खालची माती दाबली नव्हती मी. घाई केली."

शिव्या संपल्यावर बाईनं चहा ठेवला. आम्ही स्वयंपाकघरात पाणी ओतलं. हिरवट कोटा फरशीवरून ते न थांबता सरळ मोरीकडे गेलं. नाणं सगळीकडे टणटण वाजलं. आणि मावससासू त्या ओल्या फरशीवरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोणाचाही हात न धरता चालून गेली.

परतीच्या गाडीत नुसता गोंधळ. "कोटा शाळेच्या वऱ्हांड्यासारखा दिसन ना व!" "दिसू दे, पाय तर मोडनार नाही!" शेवटी मी फोन लावून मिस्त्रीलाच विचारलं, कोट्याला चमक येत नाही का?

"येते ना मॅडम. मधात पॉलिश करून देतो. दारापाशी, जिथून ओल्या पायानं येता, तिथं खरबडीतच ठेवू."

गाडीत एकदम टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनंसुद्धा हॉर्न वाजवला.

सभेत मी वही वाचून दाखवली. "कोटा आता जुना झाला," कोणीतरी म्हणालं. "आता कोन टाकते?" मी वहीचं पान उलटत होते तोच धाकटी उभी राहिली आणि पोकळ टाइल काय असते, ती का फुटते, हे टेबलावर बोटानं ठोकून तिनं सगळ्यांना समजावलं. सभेत आजवर ती एक शब्द बोलली नव्हती. हात वर झाले. सचिवांचा हात जरा उशिरा आला, पण आला.

मिस्त्रीनं काम सुरू केलं आणि चार दिवस नुसती मातीच धुम्मस मारमारून दाबली. पाचव्या दिवशी पहिली ओळ लागली. आम्ही सहाजणी रोज काही ना काही निमित्त काढून तिकडे जात होतो. एका दुपारी धाकटीनं विचारलं, "भाऊ, एक मी बसवू का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि रबरी हातोडा तिच्या हातात दिला. तिनं माल पसरला, फरशी ठेवली, ठोकली. त्यानं वर लेव्हलची पट्टी लावली. "काढा." तिनं काढली. पुन्हा बसवली. "काढा." आम्ही सगळ्या पुढे वाकलो. तिसऱ्या वेळी तो लेव्हलवर बराच वेळ वाकून राहिला.

"बसली," तो म्हणाला.

मावससासूनं तर शिट्टीच मारली. तिला शिट्टी येते हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. धाकटीनं मात्र वर पाहिलंच नाही. तिनं पुढची फरशी ओढली. संध्याकाळी मिस्त्रीनं हातोडा परत मागेपर्यंत तिच्या हातच्या अकरा फरशा लागल्या होत्या.